आर्केड पद्धतीचे स्नोबोर्डिंग गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाच्या उतारावरून एकाच फळीवर उभे राहून घसरत येण्याच्या खेळावर जे व्हिडिओ गेम निघाले, त्यांच्याविषयी नव्या-जुन्या खेळाडूंना पुन्हा पुन्हा पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमध्ये एसएसएक्स या मालिकेला मोठी जागा मिळाली आहे, कारण या प्रकारातील बहुतेक चांगल्या कल्पना एक तर त्या मालिकेत जन्मल्या किंवा तेथे पूर्णत्वाला पोहोचल्या.

आर्केड पद्धतीचा स्नोबोर्डिंग गेम नेमका कशाला म्हणायचे?

ज्या गेममध्ये वेग, उडी आणि हवेतील कसरत यांना भौतिक वास्तवापेक्षा वरचे स्थान दिलेले असते, तो आर्केड पद्धतीचा गेम होय. सिम्युलेशन पद्धतीचा गेम बोर्डची कड बर्फात किती रुतली आहे, शरीराचा भार पुढच्या पायावर आहे की मागच्या, बर्फ भुसभुशीत आहे की गोठून कडक झालेला आहे, याचा बारीक हिशेब ठेवतो आणि त्यात चूक झाली की खेळाडूला आपटवतो. आर्केड गेम यातील बराचसा हिशेब स्वतःकडे घेतो. खेळाडूकडे उरतात ते निर्णय : कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या चढावरून उडी घ्यायची, आणि हवेत असताना किती धोका पत्करायचा.

फरक किती मोठा असतो हे उडीच्या वेळेवरून कळते. बिग एअरच्या, म्हणजे एकाच मोठ्या उडीत कसरत दाखवण्याच्या, खऱ्या स्पर्धेत खेळाडू साधारण दोन-तीन सेकंद हवेत असतो. एसएसएक्ससारख्या गेममधील मोठ्या उड्या सात-आठ सेकंदही चालतात. आठ सेकंदांची उडी सपाट जमिनीवर घ्यायची झाली, तर चार सेकंद वर आणि चार सेकंद खाली या हिशेबाने माणसाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढे उंच जावे लागेल. म्हणून गेमचे रचनाकार गुरुत्वाकर्षण सौम्य करतात, उडीनंतरचा उतार खोल आणि लांब ठेवतात, आणि उतरताना बसणारा धक्का जवळजवळ नाहीसा करतात.

याचा अर्थ आर्केड गेममध्ये वाटेल ते चालते, असा मात्र कोणी घेऊ नये. चांगल्या आर्केड गेमचे स्वतःचे नियम असतात आणि ते शर्यतीच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत बदलत नाहीत. उडी किती लांब जाईल, गिरकी किती वेगाने बसेल, पडल्यावर काय गमवावे लागेल, हे खेळाडूला हाताच्या सवयीने कळू लागते. जेथे हे कळत नाही, तो गेम कितीही रंगीबेरंगी असला तरी चांगला नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रकाराची सुरुवात कोठून झाली?

मुळात खेळच फार जुना नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ तयार केला. पुढे १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी बोर्ड बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. अनेक स्की केंद्रांनी स्नोबोर्डवाल्यांना सुरुवातीला उतारावर येऊच दिले नव्हते. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा पहिल्यांदा समावेश झाला, आणि गेमची पहिली मोठी लाटही नेमकी त्याच सुमारास आली.

आर्केड दालनांत नामको या जपानी कंपनीने १९९५ मध्ये ‘अल्पाइन रेसर’ आणला. त्यात खेळाडू दोन पायफळ्यांवर उभा राहून, बाजूचे दांडे धरून, कंबर आणि पाय हलवून स्कीइंग करत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अल्पाइन सर्फर’मध्ये पायफळ्यांच्या जागी बोर्ड आला. घरगुती कन्सोलवर पहिले मोठे नाव ‘कूल बोर्डर्स’चे. यूईपी सिस्टम्सने १९९६ मध्ये तो प्लेस्टेशनसाठी बनवला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत उतारावर प्रतिस्पर्धी नव्हतेच. खेळाडू, घड्याळ आणि उतार एवढाच मामला होता. १९९७ मध्ये सेगा सॅटर्नवर केव्ह कंपनीचा ‘स्टीप स्लोप स्लायडर्स’ आला. त्याच वर्षीच्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या लांबलचक भूमिकाप्रधान गेममध्येही स्नोबोर्डिंगचा एक छोटा खेळ होता, यावरून त्या काळातील या खेळाची ओढ लक्षात यावी.

‘स्नोबोर्ड किड्स’विषयी फार कमी लिहिले जाते. तो या प्रकारात मोडतो का?

निश्चितच मोडतो, आणि त्याची आठवण ठेवली पाहिजे. रॅकडिम या जपानी चमूने बनवलेला आणि अटलसने प्रसिद्ध केलेला हा गेम निंटेंडो ६४ वर १९९७ मध्ये आला. चार जण एकाच पडद्यावर खेळू शकत. वाटेत नाणी गोळा करायची, त्या नाण्यांवर हत्यारे घ्यायची आणि पुढच्याला थांबवायचे, असा त्याचा ढंग होता. उताराच्या शर्यतीला फेऱ्या कशा असणार, ही अडचण त्याच्या रचनाकारांनी सुंदर रीतीने सोडवली : उताराच्या पायथ्याशी रोपवेचा पाळणा असतो, त्यात शिरले की खेळाडू पुन्हा शिखरावर पोहोचतो आणि दुसरी फेरी सुरू होते. पाळण्याच्या अरुंद दारात एका वेळी एकच जण मावत असल्यामुळे तेथे जी झटापट होते, ती संपूर्ण शर्यतीचा निकाल बदलू शकते.

‘टेन एटी स्नोबोर्डिंग’ आर्केड की सिम्युलेशन?

निंटेंडोचा हा गेम फेब्रुवारी १९९८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. जाइल्स गॉडर्ड आणि कॉलिन रीड या दोन ब्रिटिश प्रोग्रामरांनी त्याचे तांत्रिक काम पाहिले. तो दोन्ही पद्धतींच्या सीमेवर उभा आहे. वेग, बोचरा वारा आणि बर्फ कापल्याचा आवाज यांची जाण त्यात विलक्षण आहे. उडीनंतर बोर्ड उताराच्या दिशेला नीट मिळवला नाही तर खेळाडू कोलमडतो, आणि ज्या ट्रिकवरून गेमचे नाव पडले ती १०८० अंशांची, म्हणजे तीन पूर्ण गिरक्यांची कसरत साधण्यासाठी कंट्रोलरवर किचकट हालचाली अचूक कराव्या लागतात. ज्याला शिक्षा सोसून शिकायला आवडते, त्याला तो आजही आवडेल. आमच्या वर्गवारीत तो सिम्युलेशनकडे झुकलेला आहे, कारण त्यात उडी हे बक्षीस नसून परीक्षा असते. त्याचा पुढचा भाग ‘टेन एटी अॅव्हलांच’ २००३ मध्ये गेमक्यूबवर आला.

एसएसएक्स कसा घडला?

एसएसएक्स हा व्हँकुव्हरजवळील ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) कॅनडा या स्टुडिओचा गेम. ईए स्पोर्ट्स बिग या नव्या नाममुद्रेखाली तो ऑक्टोबर २००० मध्ये उत्तर अमेरिकेत प्लेस्टेशन २ बरोबरच बाजारात आला. नावातील अक्षरे ‘स्नोबोर्ड सुपरक्रॉस’ची आहेत, आणि यामागे खरा इतिहास आहे. या गेमचे प्रमुख स्टीव्हन रेक्टशॅफनर हे बोर्डरक्रॉस या शर्यतीच्या जन्मदात्यांपैकी एक. कॅनडातील ब्लॅककोम्ब पर्वतावर १९९१ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी ही शर्यत मांडली गेली : एकाच वेळी अनेक जण, बाजूला उचललेली वळणे, मध्ये उड्यांचे उंचवटे, आणि धक्काबुक्की होणारच हे गृहीत. हीच शर्यत ‘स्नोबोर्ड क्रॉस’ या नावाने २००६ मध्ये तुरिन ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. म्हणजे एसएसएक्सचे मार्ग कितीही अवास्तव दिसले, तरी त्यांच्या तळाशी खऱ्या बर्फावर आखलेला मार्ग आहे. वळण कोठे उचलायचे, उडीनंतर खेळाडूंना पुन्हा एकमेकांजवळ कसे आणायचे, हे ज्ञान तेथून आले.

त्या पायावर मग कल्पनेने मजले चढवले. ‘मर्क्युरी सिटी मेल्टडाउन’मध्ये शहराचे रस्तेच बर्फाने भरलेले आहेत. ‘अलोहा आइस जॅम’मध्ये हवाईच्या किनाऱ्यावर ओढून आणलेल्या हिमनगावरून शर्यत होते. ‘टोकियो मेगाप्लेक्स’ तर बंदिस्त छताखालचे अजस्र यंत्र वाटते. पात्रेही तशीच ठसठशीत : मॅक, मोबी, काओरी, एलिस. प्रत्येकाची गती, वळण्याची क्षमता आणि स्थैर्य वेगळे असल्यामुळे पात्र बदलले की तोच मार्ग वेगळा वाटतो.

ट्रिक केल्याने वेग कसा काय वाढतो? हे तर्काला धरून आहे का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या प्रकाराचा सगळा कणा यातच आहे.

खऱ्या शर्यतीत हवेत जाणे हा तोटा असतो. बोर्ड बर्फावर असेल तरच खेळाडू उताराचा फायदा घेऊ शकतो, म्हणून स्नोबोर्ड क्रॉसचे खेळाडू उंचवट्यावर गुडघे पोटाशी घेऊन उडी शक्य तितकी दाबून टाकतात. शर्यतीचा गेम जर हेच खरे मानून बनवला, तर उत्तम खेळाडू सर्वांत कमी उड्या घेईल आणि पाहणाऱ्याला काहीच दिसणार नाही. एसएसएक्सने ही अडचण एका नियमाने दूर केली : हवेत ट्रिक केली आणि नीट उतरलात, तर पडद्याच्या कडेची पट्टी भरते, ती पट्टी वापरली की बूस्ट मिळतो, बूस्टमुळे वेग वाढतो, वेग वाढला की पुढची उडी अधिक लांब जाते, आणि लांब उडीत अधिक मोठी ट्रिक बसते. पडलात तर पट्टीतील कमाई जाते आणि वेगही जातो. अशा रीतीने जो देखणा खेळतो तोच वेगवान होतो, आणि जो लोभ आवरत नाही तो मागे पडतो.

या चक्राचे मोल असे, की खेळाडूला प्रत्येक उडीत स्वतःची पारख करावी लागते. तिसरी गिरकी पूर्ण होईल की दुसऱ्या गिरकीवर थांबावे? ग्रॅब, म्हणजे हवेत हाताने पकडलेली बोर्डची कड, आणखी अर्धा सेकंद धरून ठेवावा की सोडावा? ग्रॅब धरलेला असतानाच जमीन आली तर आपटणे अटळ असते. उडीपूर्वीची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे : उडीचे बटण दाबून धरून त्याच वेळी दिशेचे बटण दाबले, तर पात्र अंग पिळून घेते आणि बटण सोडल्यावर त्या दिशेने जोरात फिरते. हे पिळणे उंचवट्याच्या टोकाच्या जितके आधी सुरू होईल तितकी गिरकी भरदार होते. मात्र त्या काळात वळण घेता येत नाही, म्हणून वाट आधीच नेमकी धरावी लागते. केवळ दोन बोटांच्या हालचालीत वाट, वेळ आणि धाडस या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यानंतर आलेल्या किती तरी गेममध्ये चित्रे अधिक सुंदर आहेत, परंतु इतका नेटका नियम फार थोड्यांना सापडला.

पहिल्या एसएसएक्समध्ये आणि ‘एसएसएक्स ट्रिकी’मध्ये काय फरक आहे?

‘ट्रिकी’ २००१ मध्ये प्लेस्टेशन २, गेमक्यूब आणि एक्सबॉक्सवर आला. अनेक मार्ग पहिल्या गेममधलेच सुधारून घेतलेले आहेत. कॅनडातील गॅरिबाल्डी आणि अलास्का हे नवे. मोठी भर पडली ती ‘उबर ट्रिक’ची. पट्टी पूर्ण भरली की काही काळ अशा कसरती खुल्या होतात, ज्यांत पात्र बोर्डवरून पाय सोडवून तो हवेत फिरवते आणि जमीन येण्याच्या आत पुन्हा त्यावर उभे राहते. अशी प्रत्येक कसरत साधली की ‘ट्रिकी’ शब्दातील एक इंग्रजी अक्षर उजळते, आणि सहाही अक्षरे मिळाली की उरलेल्या शर्यतीत बूस्ट संपतच नाही.

दुसरी भर वैराची. एखाद्या प्रतिस्पर्ध्याला धक्का देऊन पाडले की तो ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या शर्यतींत शोधत येतो. न भांडता राहिलात तर तो आपल्या वाटेने जातो. पात्रांचे आवाज लूसी ल्यू, डेव्हिड आर्केट, बिली झेन, ऑलिव्हर प्लॅट अशा नामवंतांनी दिले होते, आणि रन-डीएमसी या रॅप चमूचे जे गाणे गेमला नाव देऊन गेले, ते ऐन मोक्यावर वाजत असे.

बहुतेक जुने खेळाडू ‘एसएसएक्स ३’चे इतके कौतुक का करतात?

कारण २००३ च्या या गेममध्ये मार्गांची यादी जाऊन तेथे पर्वत आला. तीन शिखरे असलेला एकच डोंगर, आणि त्यावरचे सर्व मार्ग एकमेकांना जोडलेले. शेवटचे शिखर खुले झाल्यावर खेळाडू माथ्यावरून निघून तळापर्यंत, मध्ये कोठेही न थांबता, सुमारे अर्धा तास घसरत येऊ शकतो. सर्वांत वरच्या भागात माणसाची वस्ती नाही, उघडे कडे आणि कोसळणारी हिमस्खलने आहेत. मधल्या भागात रेल (बोर्डने ज्यांवरून घसरायचे ते दांडे) आणि उड्यांची बांधकामे दाट होत जातात. खाली पोहोचेपर्यंत दिवे, गर्दी आणि इमारती येतात. डोंगर उतरत आल्याची जाणीव इतकी खरी दुसऱ्या कोणत्याही जुन्या गेममध्ये आम्हांला मिळालेली नाही.

हे त्या काळाच्या यंत्रावर साधले, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती केवळ ३२ मेगाबाइट होती. आजच्या साध्या फोनमध्ये तिच्या शंभरपट स्मृती असते. एवढ्या जागेत सगळा डोंगर मावणे अशक्यच. त्यामुळे खेळाडू पुढे जात असताना समोरचा भाग डिस्कवरून वाचत राहायचा आणि मागचा टाकून द्यायचा, ही पद्धत वापरली जाते. उतार एकाच दिशेने जातो, माणूस मागे चढू शकत नाही, ही गोष्ट येथे तंत्राच्या मदतीला येते : पुढे काय लागणार आहे ते यंत्राला आधीच ठाऊक असते. विस्तीर्ण मैदानात कोणत्याही दिशेला फिरू देणाऱ्या गेमला ही सोय नसते.

ट्रिकच्या व्यवस्थेतही मोलाचा बदल झाला. बोर्डच्या एका टोकावर तोल धरून घसरणे आणि कड्याच्या काठावर हात टेकून उलटे उभे राहणे यांची भर पडल्यामुळे दोन उड्यांमधील बर्फावरचा काळही कसरतीत मोजला जाऊ लागला, आणि डोंगराच्या मोठ्या भागावर एकच साखळी न तुटता चालवता येऊ लागली. ज्यांना शर्यतीपेक्षा गुणांची ओढ आहे, त्यांच्यासाठी हा बदल ‘उबर ट्रिक’पेक्षाही मोठा ठरला.

संगीताला इतके महत्त्व का दिले जाते?

या मालिकेत संगीत खेळाला उत्तर देते. मोठ्या उडीत गाण्याचे थर उतरत जातात, वाऱ्याचा आवाज उरतो, आणि बोर्ड बर्फाला टेकताच गाणे पूर्ण जोमाने परत येते. खेळाडूच्या शरीराला उडीचा ताण आणि उतरण्याची सुटका कानांतून कळते. पहिल्या दोन भागांत रॅझेल हा बीटबॉक्स कलावंत, म्हणजे तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढणारा, निवेदक होता. तिसऱ्या भागात डीजे अॅटोमिका हा काल्पनिक रेडिओ निवेदक हवामान, शर्यती आणि डोंगरावरच्या बातम्या सांगत राहतो.

गेममधील ट्रिक खऱ्या असतात का?

ग्रॅब बहुतेक खरे असतात. इंडी, मेथड, म्यूट, स्टेलफिश ही नावे खऱ्या खेळाडूंचीच. बोर्डची कोणती कड कोणत्या हाताने, पायांच्या मधून की मागून धरली यावरून ती ठरतात. गिरक्यांचे आकडे अंशांत मोजतात : ३६० म्हणजे एक पूर्ण गिरकी, ७२० म्हणजे दोन. बोर्ड पायांतून सोडवून फिरवण्याच्या ‘उबर’ कसरती मात्र निव्वळ कल्पना आहेत, कारण खऱ्या बोर्डवर बूट बंधनांनी घट्ट आवळलेले असतात.

गंमत अशी, की गिरक्यांच्या बाबतीत वास्तवाने जुन्या गेमना गाठून मागे टाकले. १९९८ मध्ये १०८० हा आकडा गेमचे नाव व्हावा इतका दुर्मीळ होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील अॅस्पेन येथील एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत जपानच्या हिरोतो ओगिवाराने २३४० अंशांची, म्हणजे साडेसहा गिरक्यांची उडी घेऊन ती नीट उतरवली.

हिमालय असलेला एसएसएक्स कोणता?

२०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आलेला, पुन्हा नुसत्या ‘एसएसएक्स’ नावाचा गेम. रचनाकारांनी नासाच्या उपग्रहांनी टिपलेली भूरूपांची माहिती घेऊन जगातील नऊ प्रदेशांतील पर्वत उभे केले आणि मग त्यांवर आपले उंचवटे आणि रेल मांडले. हिमालय, आल्प्स, रॉकी, अलास्का, पॅटागोनिया, सैबेरिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि न्यूझीलंड असे हे प्रदेश. काही उतार केवळ जिवंत उतरण्यासाठी आहेत आणि प्रत्येक ठिकाणचे संकट वेगळे आहे. अलास्कात मागून हिमस्खलन येते. हिमालयात हवा विरळ होते, दृष्टी अंधारू लागते आणि सोबतच्या नळकांड्यातील प्राणवायू घेत खाली उतरावे लागते.

या गेमवर मते दुभंगलेली आहेत. आमचे मत असे : पर्वतांचा आवाका थोर, कंट्रोलरच्या उजव्या काठीने ग्रॅब धरण्याची पद्धत सुखद, परंतु जागोजागी ठेवलेल्या तळ नसलेल्या दऱ्या चक्राचा घात करतात. पूर्वी चूक झाली तर वेग जाई. येथे शर्यतच थांबते आणि काळ मागे फिरवून पुन्हा सुरू करावी लागते. एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोयही यात नाही, आणि ती उणीव मित्र जमवून खेळणाऱ्या घरांना जास्त जाणवते.

दरम्यानचे दोन मोठे भाग थोडक्यात : २००५ च्या ‘एसएसएक्स ऑन टूर’मध्ये स्की आले, आणि २००७ चा ‘एसएसएक्स ब्लर’ निंटेंडोच्या वी कन्सोलसाठी, हाताच्या हालचालींवर चालणारा होता.

सध्या असे गेम का निघत नाहीत?

बर्फावरचे गेम निघतात, पण त्यांचा कल बदलला आहे. युबिसॉफ्टच्या फ्रेंच आल्प्समधील आन्सी येथील स्टुडिओने २०१६ मध्ये ‘स्टीप’ आणि २०२१ मध्ये ‘रायडर्स रिपब्लिक’ बनवला. दोन्ही विस्तीर्ण आणि खुल्या जगाचे. स्नोबोर्ड हा त्यांतील अनेक साधनांपैकी एक. २०२२ चा ‘श्रेडर्स’ निव्वळ स्नोबोर्डिंगचा आहे, मात्र त्याची नजर खऱ्या खेळाच्या शैलीवर आहे.

आर्केड पद्धत मागे पडण्यामागे आम्हांला एक कारण दिसते. खुल्या जगात खेळाडू कोठूनही कोठेही जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक उडीनंतर नेमकी कोणती उडी येणार हे रचनाकाराच्या हाती राहत नाही. बूस्टचे चक्र फिरते ठेवायचे तर उडी, उतरण, वळण आणि पुन्हा उडी यांचे अंतर सेकंदांत मोजून बसवावे लागते. ते काम एका वाटेसाठी महिनोन्महिने करावे लागते, आणि ते केल्याचे जाहिरातीच्या चित्रात दिसत नाही.

फोनवर चांगला पर्याय आहे का?

आहे : ‘अल्टोज अॅडव्हेंचर’. टोरांटोतील स्नोमॅन या छोट्या स्टुडिओने ब्रिटिश कलावंत हॅरी नेस्बिट यांच्यासह बनवलेला हा गेम २०१५ मध्ये आयफोनवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आला. सर्व काही एका बोटाने चालते : टेकवले की उडी, दाबून धरले की मागची कोलांटी. पळून गेलेले लामा गोळा करत उतरायचे. कसरती एकामागून एक जोडल्या की पात्राचा स्कार्फ लांब होत जातो आणि वेग वाढतो. म्हणजे एसएसएक्सचेच चक्र, पण शांत रंगांत आणि बाजूने पाहिलेले. वाळवंटात घडणारा पुढचा भाग ‘अल्टोज ओडिसी’ २०१८ मध्ये आला. या दोन्ही गेममध्ये दिवस-रात्र आणि हवामान बदलत राहते; धुके उतरले की दगड उशिरा दिसतात, म्हणून सौंदर्य आणि अडचण एकाच गोष्टीतून येतात.

जुने गेम आज भारतात कसे खेळता येतील?

‘एसएसएक्स ३’ची मूळ एक्सबॉक्स आवृत्ती आणि २०१२ चा एसएसएक्स हे दोन्ही एक्सबॉक्स वन आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर चालतात, सिरीज एसला डिस्कची खाच नसल्यामुळे तेथे डिजिटल प्रतच लागते. ‘ट्रिकी’ला ही सोय मिळालेली नाही. त्यासाठी जुना प्लेस्टेशन २ हाच सरळ मार्ग आहे. जुनी डिस्क घेताना ती जगाच्या कोणत्या विभागासाठी आहे ते तपासावे : भारतात अधिकृतपणे विकले गेलेले प्लेस्टेशन २ युरोपप्रमाणे पाल विभागाचे होते आणि दुसऱ्या विभागाची डिस्क घेत नसत, त्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेली डिस्क त्यावर चालणार नाही. ‘टेन एटी’ निंटेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेतील निंटेंडो ६४ च्या संग्रहात आहे.

नव्या खेळाडूने कोठून सुरुवात करावी?

हाती यंत्र असेल तर ‘ट्रिकी’ने करावी आणि मग ‘एसएसएक्स ३’कडे जावे. पहिले काही दिवस जिंकण्याचा विचार बाजूला ठेवून एकाच मार्गावर पुन्हा पुन्हा उतरावे. प्रथम एकही ट्रिक न करता मार्ग संपवावा, म्हणजे उड्या आणि आडवाटा ध्यानात राहतात. मग प्रत्येक उडीत एकच गिरकी घ्यावी आणि ती शंभर टक्के उतरवावी. ग्रॅब त्यानंतर. गावच्या विहिरीत उंचावरून सूर मारणारा पोरगा जसे पाणी येण्याआधी अंग सरळ करतो, तसे जमीन येण्याआधी बोर्ड उताराच्या दिशेला आणणे हे पहिले कौशल्य. बाकी सर्व त्यावर उभे राहते. बूस्ट सरळ आणि खोल उतारावर वापरू नये, तेथे वेग आपोआप मिळतो. सपाट भागात आणि मोठ्या उडीच्या अगदी आधी तो खर्च करावा.

हे गेम मुलांना द्यावेत का?

साधारण दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही. पात्रे एकमेकांना धक्के देतात, पडतात आणि उठतात, रक्तपात नाही. ‘स्नोबोर्ड किड्स’ आणि ‘अल्टोज अॅडव्हेंचर’ त्याहून लहानांनाही चालतील.

हे गेम खेळून खरे स्नोबोर्डिंग येईल का?

अंगात येणार नाही, डोळ्यांना मात्र काही गोष्टी येतील. उतार वाचण्याची सवय, उडी घेण्याआधी उतरण्याची जागा पाहणे, आणि ग्रॅबची नावे एवढे गेम शिकवतात. कडेवर तोल धरणे, थांबणे आणि सुरक्षितपणे पडणे हे बर्फावरच शिकावे लागते, आणि पहिले काही दिवस बहुतेक वेळ बसूनच जातो. उजवा पाय पुढे ठेवायचा की डावा, हेही गेममध्ये बटणाने ठरते, तर प्रत्यक्षात शरीराच्या सवयीने.

ज्यांना प्रत्यक्ष शिकायचे आहे, त्यांच्यासाठी भारतात काश्मीरमधील गुलमर्ग हे सर्वांत चांगले ठिकाण. तेथील गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवाट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो आणि हंगाम साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत असतो. २०२० मध्ये पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा तेथेच झाल्या. नवशिक्याने गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर अजिबात जाऊ नये. खालच्या सौम्य उतारांवर प्रशिक्षक घेऊन सुरुवात करावी, कारण वरच्या भागात हिमस्खलनाचा धोका खरा आहे आणि त्यात माणसे दगावलेली आहेत.